आहेरावरचं नाव

बाबा, परवा वाचनालयातून एक रहस्यकादंबरी आणली. तिच्यातला भामटा गोड बोलून घराघरांत शिरतो, हाताला लागेल ते उचलतो आणि शेवटच्या पानावर लेखक त्याला पोलिसांच्या हवाली करतो. मला लेखकाचाच राग आला. असला माणूस घरी पाटावर बसून भात कालवताना कसा दिसतो, हे त्या बापड्याला काय ठाऊक!

तुम्ही कधी सापडला नाहीत. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, आपण बोईसरला भाड्याच्या खोलीत राहायचो. तुम्ही 'साइटवर जातो' म्हणून निघायचात आणि पोचायचात आसपासच्या माहीम नाहीतर माकुणसार गावातल्या एखाद्या लग्नात. मुलाकडच्यांना वाटायचं तुम्ही मुलीकडचे, मुलीकडच्यांना वाटायचं मुलाकडचे. पंगतीत वाढायचात, रुसलेल्या व्याह्यांची समजूत काढायचात आणि निघताना आहेरातलं एखादं भांडं पिशवीत घालायचात. पुढे तुम्हीच हे मला हसत हसत सांगितलंत. आईला तिच्या लग्नात कुणी चमचाही दिला नव्हता. तुमच्यापायी माहेरच्यांनी तिचं नाव टाकलं होतं. म्हणून पहिला पितळी डबा तिच्या हातात ठेवताना तुम्ही म्हणालात, "तुज्यासाठी घेतला. तुजं नाव पण घालून आणलंय, बग."

मी दुसरीत. नुकती जोडाक्षरं यायला लागलीत, दिसेल ती पाटी वाचत सुटते. आई चुलीपुढून म्हणते, "वाच गो, काय लिवलंय?" डब्यावर कुणा दुसरीचंच नाव आहे, खाली 'मामाकडून सप्रेम भेट'. मान वर करते, तर तुम्ही आईच्या पाठीमागे उभे. डोळे वटारले असतेत तर मी खरं बोलून मोकळी झाले असते. पण तुमचं तोंड एवढंसं झालं होतं. मी आईचं नाव वाचलं. आई त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली.

मग आणखी भांडी आली, प्रत्येकावर वेगळं नाव, आणि मी ती सगळी आईचीच वाचली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने ती हौसेने मांडली. शेजारच्या साताऱ्याकडच्या काकूंनी डबा उचलून वाचला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आईला म्हणाल्या, "लई सुबक नाव घातलंय हो तुमचं."

दुसऱ्याच दिवशी आई माझी पाटी घेऊन बसली. "मला माजं नाव काढाया शिकव गो. डब्यावरचं बगून काढीन."

मी म्हटलं, "उद्या."

पुढे मी सफाळ्याला शिक्षिका झाले. तुम्ही गेलात. गावात प्रौढांचा वर्ग निघाला, तो मीच चालवला, आणि आईला सांगितलं, तुझे डोळे आता साथ द्यायचे नाहीत. तिला वाचता आलं असतं तर तिने सगळ्यात आधी काय वाचलं असतं, हे मला माहीत होतं. मग तिने विचारणंच सोडलं. शेवटच्या आजारात दवाखान्याच्या कागदावर अंगठा लावताना ती कौतुकाने म्हणाली, "तुज्या हाताखालची पोरं मात्र हुशार निगाली."

बाबा, तुमच्यावर राग नाही, खरंच नाही. तुम्ही भांडी आणलीत; तिला अक्षर मी येऊ दिलं नाही. हे पत्र खरं तर आईला लिहायचं होतं. पण तिला ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं.