व्हर्जिनियात माझं लग्न चालत नाही

९ नोव्हेंबर १९६६, बुधवार. एडिनबरा
डेव्हिडला अमेरिकेहून पत्र. व्हर्जिनियातल्या एका युनिव्हर्सिटीत दोन वर्षांची नेमणूक, स्वतःची लॅबोरेटरी. जिन्यावरून ओरडतच वर आला. मला उचललं, मग पोटातलं आठवून हळूच खाली ठेवलं. तिसरा महिना.
"नलू, तिथे ऊन असतं! खरं ऊन!"
पुण्याला आईला कळवायचं. अण्णांना वेगळं लिहून उपयोग नाही. लग्नाला दोन वर्षं झाली, माझ्या एकाही पत्राला त्यांचं उत्तर नाही.

१४ नोव्हें., सोमवार
वॉर्डात लोरेनला बातमी सांगितली. आमच्या मुलांच्या वॉर्डातली नर्स, मूळची व्हर्जिनियाचीच, निग्रो. नवरा इथे शिकतोय म्हणून आलेली. वाटलं, खूश होईल. ती बाटल्या धूत होती. नळ बंद केला.
"डॉक्टर, तुमचा नवरा गोरा आहे."
"हो. मग?"
"तिथे ते लग्न नाही. तिथे तो गुन्हा आहे. एक ते पाच वर्षं तुरुंग."
मी हसले. ती हसली नाही.
"पण मी काही निग्रो नाही," तोंडातून निघून गेलं. लगेच लाज वाटली.
ती शांतपणे म्हणाली, "गोऱ्याने गोऱ्याशीच लग्न करायचं, एवढंच लिहिलंय. तुम्ही गोऱ्या आहात का?"

१५ नोव्हें.
डे. म्हणतो, लोरेन उगाच घाबरवते. असले कायदे पुस्तकात पडून असतात. आणि आपलं लग्न इथलं, रजिस्ट्री ऑफिसमधलं, पक्कं. मी हट्ट धरला म्हणून दोघं लायब्ररीत गेलो. पुस्तक सापडलं. कायदा पडून वगैरे नाही, चांगला चालू आहे. त्याने ते पान दोनदा वाचलं. मग म्हणाला, "चल, चहा घेऊ."

२१ नोव्हें., सोमवार
लोरेनच्या मावशीचं. एका गोऱ्या सुताराची बायको. वॉशिंग्टनला हा कायदा नाही, तिथे जाऊन लग्न करून आलेले, सर्टिफिकेट जवळ. गावात कोणी काही बोललं नाही. बावीस वर्षं संसार. तो गेला आणि त्याचे भाऊ घरावर हक्क सांगायला आले. कोर्टात जज्जने विचारलं, मृताला बायको होती का? मावशी समोर उभी. भावांच्या वकिलाने सांगितलं, नाही. मुलं बिनलग्नाची ठरली.
लोरेन हे सगळं बेडवरच्या चादरी बदलत सांगत होती. कोपरे अगदी नीट दुमडत.
माझ्या बाळाच्या जन्मदाखल्यावर काय लिहितील?

२७ नोव्हें., रविवार
सासूबाईंकडे जेवायला. डे.ने हसत हसत त्यांना सगळं सांगितलं. त्या बटाटे वाढता वाढता म्हणाल्या, "नलिनीने स्पॅनिश आहे म्हणून सांगावं. कोणाला कळणार?" प्रेमाने म्हणाल्या. हेच वाईट.
परत येताना बसस्टॉपवर पोलीस दिसला. मी डे.च्या हातातून हात काढून घेतला. एडिनबऱ्यात! त्याने बघितलं.

८ डिसें., गुरुवार
त्याचा कोट धुवायला टाकायचा होता. खिसे तपासले. तिथल्या प्रोफेसरांचं पत्र, दहा दिवसांपूर्वी आलेलं. डे.ने त्यांना आमचा लग्नातला फोटो पाठवला होता, नऊवारीतला. उत्तर फार सभ्य. वकिलांना विचारलं, परदेशात झालेल्या लग्नाचं काय होईल ते खात्रीने कोणी सांगत नाही. डेव्हिडने आधी एकट्याने यावं. मिसेसना वॉशिंग्टनमध्ये खोली घेता येईल. शनिवार-रविवार ट्रेनने भेटता येईल.
दहा दिवस. रोज माझ्याशी पाळण्याबद्दल बोलत होता.

९ डिसें.
पत्र टेबलावर ठेवलं.
"तू घाबरली असतीस म्हणून."
"आणि तुझं काय ठरलंय?"
"काहीच नाही."
"नाही म्हणून कळवलंस?"
"... अजून नाही."
अण्णांनी पुण्यात विचारलं होतं, परका माणूस, उद्या एकटी पडलीस तर? तेव्हा केवढा राग आला होता. आज तेच वाक्य डोक्यातून जात नाही. परक्या देशात माझ्या हातात आहे काय? एक नोकरी, तीही बाळ होईपर्यंत.

५ जाने. १९६७, गुरुवार
अमेरिकन कॉन्सुलेटला गेलो. अधिकारी तरुण, हसतमुख. मला खुर्ची दिली. व्हिसा सगळ्या देशाचा, त्याला अडचण नाही म्हणाला. लग्नाचे कायदे ज्या त्या राज्याचे. "मॅडम, दुसरं एखादं राज्य नाही का चालणार?" जणू आम्ही सुट्टीला चाललोय. डे. जिन्यात थांबला, भिंतीला हात टेकून. "मला खरंच वाटत नव्हतं," म्हणाला. त्याला इतकं घाबरलेलं पहिल्यांदाच बघितलं. मला बरं वाटलं, असं लिहायला नको, पण वाटलं.
घरी येऊन त्याने नकाराचं पत्र लिहिलं. मीच पेटीत टाकलं.

१७ जाने.
डे. बोलत नाही. चिडलेला नाही, नुसता गप्प. लॅबमधून उशिरा येतो. ऊन नाही, दिवसच नाही. उद्या मुलगा झाला नि त्याच्याकडे बघून याला ती लॅबोरेटरी आठवली तर?

३० जाने., सोमवार
प्रोफेसरांचं उत्तर. नकार मानायला तयार नाहीत. जागा उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवतो. हाच कायदा वॉशिंग्टनच्या सगळ्यात वरच्या कोर्टात गेलाय, तोवर निकाल लागेल. बाळ मे अखेरीस. म्हणजे माझं लग्न लग्न आहे का, हे तेव्हाच त्या कोर्टातली नऊ अनोळखी माणसं ठरवणार.
डे. एकदम पूर्वीसारखा. शीळ घालत होता.
वॉर्डात लोरेनला सांगितलं. "कायदा जाईलही," ती म्हणाली. "पकडायला येणारा शेरीफ तोच राहील. शेजारी तेच राहतील. मी माझ्या नवऱ्याला सांगून ठेवलंय, मी परत जाणार नाही."
संध्याकाळी डे. चहा करत होता. पाठ माझ्याकडे.
"कोर्टाने हो म्हटलं, तर येशील ना?"
मी विचारलं, "आणि मी नाहीच म्हटलं, तर तू राहशील?"
"अर्थात."
पण आधी किटलीखालचा गॅस बंद केला, झाकण नीट बसवलं, मग म्हणाला.