पठारावरचा मुक्काम

आई, आज आम्ही कन्नडच्या घाटावरच्या त्या पठारावर गाडी लावली आहे. गाडीतच बिछाने, गाडीतच शेगडी. ना विजेची तार, ना नळ. टाकीतलं पाणी संपलं की परत फिरायचं. मी खरकटी ताटं आधी कागदानं पुसते, मग थोड्याशा पाण्यात विसळते, आणि दर वेळी तू डोळ्यांपुढं उभी राहतेस.

अप्पांनी भंगारातली मॅटॅडोर आणून तिच्यात फळ्यांचे पलंग ठोकले, तेव्हा मी शाळेत होते. सुट्टी लागली की आम्ही दोघं निघायचो आणि तू दारात. "तुम्ही जावा. पाणी सुटायचंय, घरी कुणी नको का?" आपल्या गल्लीत नळाला कधी पाणी येईल याचा नेम नव्हता. आम्ही पठारावर खुशाल सांडायचो ते पाणीही तूच गाळून कॅनमध्ये भरून दिलेलं असायचं. मला ते तेव्हा दिसलंच नाही.

एकदाच आलीस, अप्पांनी पाणी भरून ठेवायला शेजारणीकडं किल्ली दिली म्हणून. सकाळी तू गाडीच्या पायरीवर केस मोकळे सोडून बसली आहेस, हातात चहा, काहीच करत नाहीस. शेळ्या घेऊन आलेली एक म्हातारी थांबून विचारते, "बाई, घरदार नाय का तुमाला?" तू पत्र्यावर थाप मारतेस. "हाय की. हे काय." मग दोघी कितीतरी वेळ हसत राहता. घरी मी तुला असं हसताना पाहिलं नव्हतं. दुपारी अप्पा म्हणाले, "वस्तीवरच्या विहिरीचं पाणी आणतो, राहू अजून." तू कॅन हलवून पाहिलास. "नको. शेजारीण बिचारी दोन घरचं किती भरंल? तिचं लेकरू लहान हाय." आम्ही निघालो. घरी आलो तर नळ कोरडाच. तू पदर खोचून रिकामे हंडे घासायला बसलीस. त्यानंतर तुझं येणं झालंच नाही. आधी दुखणं आलं, मग तू गेलीस.

आता माझ्या घरी बोअर आहे. कुलूप लावते आणि निघते, मागं कुणालाही दारात उभं न करता. ही मोकळीक तुझ्या वाट्याची होती असं वाटत राहतं. हे लिहिलेलं तरी कुठं धाडू?

मघाशी लेकीनं विचारलं, "आजी इथं आली होती?"

"हो," मी म्हणाले, "दर सुट्टीत यायची. परत निघायचं नावच घ्यायची नाही."

ती खूश झाली. मी खोटं बोलले, आई, आणि ते मागं घेणार नाही.