पडद्यावरची सफरचंदं

महदिया, ९ जुलै

प्रिय शाद्लियाताई,

सलाम. तू बरी असशील, भावजींची साखर आटोक्यात असेल, अंगणातल्या वेलीला द्राक्षं धरली असतील. इथे सगळं ठीक. फोनच केला असता, पण फोनवर तू नुसतं "हं" म्हणतेस आणि माझं सगळं तोंडातल्या तोंडात राहतं. म्हणून ही चिठ्ठी तुमच्या एल जेमला जाणाऱ्या टॅक्सीवाल्याबरोबर पाठवतेय.

आधी गंमत ऐक. मी व्हिडिओ गेम खेळते. हसू नकोस! आठवड्यातून तीनदा, दवाखान्यात, तेही डॉक्टरांच्या सांगण्यावरून. कमरेसाठी. भिंतीवर मोठा पडदा, त्याखाली कॅमेरा; आपण हात हलवला की पडद्यावरची बाई हात हलवते. ती माझ्यापेक्षा बरीच बारीक आहे, पण चालायचंच. झाडावरची सफरचंदं तोडायची आणि खाली टोपलीत ठेवायची. सफरचंदं! ऑलिव्हची झाडं ठेवायला काय झालं होतं त्यांना?

माझ्याबरोबर लामीन रईस असतात. चाळीस वर्षं मच्छीमार होडीचे कप्तान, म्हणून सगळे त्यांना रईसच म्हणतात; आता गुडघे गेलेत. त्यांना होडी वल्हवायचा खेळ दिलाय आणि ते रोज बुडतात. काल पडद्यावरच ओरडले, "अरे, हा वारा कुठल्या समुद्रातला? असा वारा असतो का कधी?"

मी म्हटलं, "रईस, पोहता येतं ना तुम्हाला? मग झालं तर."

"तुम्ही तुमची सफरचंदं बघा, सडतील!"

मग हट्टाने आणखी चार फेऱ्या मारल्या त्यांनी. घरी म्हणे जिनासुद्धा चढत नाहीत.

मला याचंच कुतूहल वाटतं. घरी चमचा खाली पडला तर मी तो पायाने सरकवत भिंतीशी नेते आणि तिथेच सोडून देते. मग इथे चाळीस सफरचंदं ठेवताना दुखणं जातं कुठे? आम्हाला व्यायाम शिकवणाऱ्या इब्तिहालला विचारलं. म्हणाली, "खाला, जात नाही कुठे. दुखतंच. पण तुमचं लक्ष टोपलीकडे असतं. आणि खरं सांगू? तुमच्या कमरेपेक्षा तुमची भीती जास्त आखडलीय."

मला राग आला. नंतर कळलं, दर आठवड्याला ती टोपली गुपचूप थोडी खाली नेत होती. परवा टोपली जमिनीला टेकली होती. शेवटचं सफरचंद ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी फरशीवर बसलेय.

आणि मला रडू कोसळलं. सगळ्यांना वाटलं, कमरेत कळ आली. तसं नव्हतं, ताई.

तीन वर्षांपूर्वी, वर्षभराचा कुस्कुस वळायला तू नेहमीसारखं बोलावलंस, तेव्हा मी तुला म्हटलं होतं, "कुस्कुस दुकानात तयार मिळतो, दोन दिवस परातीला चिकटून कोण बसणार?" आईच्या परातीबद्दल असं बोलायला नको होतं. तू मनाला लावून घेतलंस, बरोबरच होतं. पण ते खोटं होतं. आदल्या ऑगस्टला तुझ्या अंगणात आपण सगळ्या परातीभोवती पाय पसरून बसलो होतो. रव्याचे दाणे वळून झाले, कॉफीची हाक आली, आणि पाच वर्षांनी मोठी असून तू चटकन उठलीस. मला उठता येईना. "चाळणी झाडून येते" म्हणाले, आणि तुम्ही आत गेल्यावर रांगत भिंतीपर्यंत गेले. मला फार लाज वाटली. तुझ्यासमोर म्हातारी व्हायचं नव्हतं मला. त्यापेक्षा तुझ्याशी भांडणं सोपं वाटलं.

तरी दरवर्षी माझ्या वाटणीच्या कुस्कुसची पिशवी तू पाठवत राहिलीस, आणि मी कुस्कुस काढून घेऊन ती रिकामीच परत केली, आत चार ओळीही न घालता. या वेळची अजून माझ्याकडे आहे. ही चिठ्ठी तिच्यातच घालतेय.

यंदा कुस्कुस वळायला मला बोलावशील? कंबर बरी झालेली नाही. इब्तिहाल म्हणते, पूर्ण बरी होणारही नाही. खाली बसायला आता जमतं. उठायला जमत नाही, कुणाचा तरी हात लागतो.

खुर्ची ठेवू नकोस. माझ्या शेजारी बस, आणि कॉफीची हाक आली की एकटी उठू नकोस.

तुझी धाकटी,
मन्नूबिया