भातत्यागी गृहस्थाचा कोंबडा

कामठा, मंगळवार

परमपूज्य श्यालकश्रेष्ठ जागेश्वरजी यांचे चरणी दुर्गाप्रसादाचा साष्टांग (उदरविस्तारामुळे तूर्त षडंग) नमस्कार.

आपली प्रकृती, सौ. वहिनींचा गुडघा आणि सालेकशाकडील धानाची मळणी ही तिन्ही निर्विघ्न चालत असावीत.

इकडील वृत्त असे. तीन सप्ताहांपूर्वी माझी रक्तशर्करा सीमोल्लंघनास उद्युक्त आढळली. नागपूरस्थ कन्या रुचिका हिने तत्काळ दूरध्वनीवरून ‘पॅलिओ’ नामक आहारपंथाची दीक्षा दिली. शेतीचा शोध लागण्यापूर्वी आदिमानव जे भक्षण करी तेच आपण करावे. सबब तांदूळ, गहू, डाळी, साखर वर्ज्य, आणि मांस, अंडी, भाज्या, बदाम ग्राह्य. (चहातील साखर विरघळून अदृश्य होते, म्हणून तिची मी दखल घेत नाही.) उत्साहाच्या भरात मी पारावर, पाच मान्यवरांच्या साक्षीने, चाळीस दिवस भाताला स्पर्श न करण्याची प्रतिज्ञा केली. शेजारचा मुन्नालाल तेवढा म्हणाला, “काकाजी, चार दिवस निघाले तरी बहुत झालं!”

गृही या घोषणेचे स्वागत शीतल झाले. आपल्या भगिनी सौ. नंदाबाई एवढेच वदल्या, “धानाच्या घरी भात नाही खायचा, त मंग आता धानाच्या बांधीत बदाम लावता काय?” तदनंतर मौन.

एवंच, पाककर्म मजवर आले. पहिल्या गावरानी कोंबड्याने परसात मजकडून अकरा प्रदक्षिणा करवून घेतल्या. (आदिमानव सडपातळ का होता, याचा उलगडा तेथेच झाला.) कांदा व खोबरे निखाऱ्यावर भाजले, लवंग, खसखस, दगडफूल पाट्यावर वाटले, जवसाच्या तेलात लसूण परतला. (आदिमानवास दगड ठाऊक होता, दगडफूल नव्हते, हे त्याचे दुर्दैव, माझा दोष नव्हे.) आपल्याकडे रश्श्याला दाटपणासाठी भाजक्या तांदळाचे पीठ लावतात, ते मी निग्रहाने नाकारून बदामाची पूड घातली. फलस्वरूप तेल वर, पाणी खाली आणि मध्ये कोंबडा, जलसमाधी घेतल्यासारखा. नंदाबाई पातेल्यात डोकावून परतल्या.

परंतु दुसऱ्या खेपेस चमत्कार घडला! बदाम घालून, झाकण ठेवून मी स्नानास गेलो, आणि परतून पाहतो तो रस्सा असा दाट, असा गंभीर, की पळी उभी राहावी. तेव्हापासून बदाम, झाकण, स्नान हाच क्रम मी शास्त्रवत पाळतो. आजवर सात कोंबडे सद्गतीस पोचले. प्रत्येक वेळी चार वाट्या रस्सा प्राशन करून मी पारावर बदामाचे माहात्म्य विशद केले आहे.

सारांश, मी प्रसन्न आहे. भाताचे स्मरणही होत नाही. थोरांस दंडवत, धाकट्यांस आशीर्वाद.

आपला व्रतस्थ,
दुर्गाप्रसाद

ता. क. : स्मरण होते. काल मुन्नालालकडे भात उतरत होता; त्या वाफेसमोर मी बारा मिनिटे निष्कारण उभा होतो.

पुनश्च ता. क. : येत्या रविवारी आमच्याकडे नव्या तांदळाचा पहिला भात देवाला दाखवायचा आहे. मी तो न खाल्ल्यास स्वतःही खाणार नाही, असे नंदाबाईंनी मौन सोडून सांगितले आहे. अठ्ठावीस वर्षांत असे घडले नाही, आणि ते मला सोसवणार नाही. परंतु प्रतिज्ञा स्वतःच मोडली तर पारावर मुख दाखवणे अशक्य. तरी आपण रविवारी यावे, आणि यजमानाने भाताचा पहिला घास घेतल्याविना पाहुणा ताटाला हात लावणार नाही, असा हट्ट धरावा. पत्नीच्या ज्येष्ठ बंधूचा शब्द मोडणे कोणत्याही युगात शिष्टसंमत नव्हते. मी तीनदा नकार देईन. चौथ्यांदा विचारण्यास कृपया विसरू नये. हे पत्र आपणाकडे निघालेल्या लाखोरी डाळीच्या थैलीत घालून तोंड स्वहस्ते शिवले आहे. नंदाबाईंना सुगावा नाही.

दादा, मी नंदा. थैलीची शिवण वाकडी दिसली म्हणून उसवली, त हा कागद निघाला. तू येजो. हे आंघोळीले गेले का मीच रश्श्यात दोन मुठी तांदळाचं पीठ टाकून राहिली. सांगू नोको. त्या निमित्तानं थंडीतही आंघोळ करून राहिले. नवा तांदूळ मी कालच निवडून ठेवला. वाटीभरच वाढीन, शुगरचं मलेही समजते. अन् चौथ्यांदा विचाराची गरज नाही पडणार. तीनदा नाही म्हणाचा दम यायच्यात नाही. पहिल्याच खेपेले ताट पुढं सरकवजो.