पाकिटावरचे दोन शब्द

३ जून
ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.
निकालाला आठ दिवस झाले, माझी बराक बदलली. खटला चालू होता तोवर मी कच्चा कैदी. शिक्षा लागली, आता पक्का. निकालपत्रात ‘सिद्धदोष’ आहे, पण इथे सगळे ‘पक्का’च म्हणतात. तुझ्या पाट्यांवरच्या रंगासारखा, धुऊन जायचा नाही.
वकिलांनी अपिलाचे कागद तुझ्याकडे दिलेत. माझी सही होऊन ते २५ तारखेच्या आत कोर्टात हवेत, नाहीतर सात वर्षं भोगणं आलं. पाकिटावर नंबरच्या आधी ‘पक्का कैदी’ लिही. नाहीतर पत्र जुन्या बराकीत जातं आणि तिथेच पडून राहतं.
तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
धाकटा

२० जून
ताई, कागद आले नाहीत. टपाल वाटताना रोज पुढे जाऊन उभा राहतो. आता शिपाई लांबूनच मान हलवतो. तूही माझ्या नावावर फुली मारलीस का? मारलीस तर मार, पण आधी कागद पाठव. पाचच दिवस उरलेत.
धाकटा

२९ जून
चि. धाकट्यास, अ. उ. आ.
कागद सहा तारखेलाच टाकले होते. काल परत आले. चूक माझी. गावभरच्या दुकानांच्या पाट्या मी रंगवते, एका वेलांटीला कधी हात अडला नाही. पण ते दोन शब्द लिहायला बसले आणि हातच चालेना. शेजारीण तुला गुन्हेगार म्हणाली म्हणून तिच्याशी कडाकडा भांडले होते, तेच मी माझ्या हाताने लिहू? नुसतं ‘चि.’, तुझं नाव आणि नंबर लिहिला. वाटलं, पोचेल. माझ्या मानीपणाने तुझा घात केला रे.
वकील म्हणतात, उशिराचं कारण देऊन कोर्टाला विनवून बघू, भरवसा नाही. कारण मी लिहून दिलंय. सही करून लगेच धाड. हवं तेवढं रागाव, पण पत्रं बंद करू नकोस.
तुझी अपराधी,
ताई

१२ ऑगस्ट
ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.
वकिलांनी कळवलं असेलच. कोर्टाने उशीर माफ केला नाही.
रागावलो होतो, खोटं कशाला सांगू? तुझ्या पाकिटातल्या कागदांवर सही करून धाडली, पण तुला चार ओळी लिहाव्याशा वाटल्या नाहीत. पाकीट मात्र ठेवलंय. इतकं सुबक ‘पक्का कैदी’ शिपायाने उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. त्याच्याआधी तू ‘चि.’ लावलंस, तेही त्याने हाक देताना मोठ्याने वाचलं, ‘चिरंजीव पक्का कैदी’. सगळी बराक हसली. मीही हसलो, आणि मग मला रडू आवरेना.
आता सात वर्षं हाच पत्ता. तसाच लिहीत जा, ‘चि.’ गाळू नकोस.
तुझाच,
धाकटा