रंगुबाईच्या घरची प्रार्थना

३ नोव्हेंबर, सोमवार
तिसगावच्या पुढच्या वस्तीवरून रंगुबाईचा फोन. तिच्या घरी दर रविवारी आपली छोटी ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेला जमते. नगरहून मोटारसायकलवर अशा पाच-सहा मंडळ्या मी एकटा पाळक सांभाळतो. काल गावातले काही जण दारात येऊन बजावून गेले, इथून पुढं हितं कुणी बसायचं न्हाई. मंडळीतले तरणे सगळे ऊसतोडीला. उरल्या म्हाताऱ्या बायका. तुमी येनार का, तिनं विचारलं. सांगितलं, मी स्वतः दारात उभा राहीन. फोन ठेवल्यावर छातीत धडधड. अॅसिडिटी असावी.

६ नोव्हेंबर
गाडीचं सर्व्हिसिंग झालं. उपदेश तयार: बायबलमधला दानिएल, प्रार्थना सोडली नाही म्हणून सिंहांच्या खड्ड्यात टाकलेला. आरशासमोर म्हणून पाहिला. फार प्रभावी. शुभांगी म्हणाली, दानिएल खड्ड्यात गेला होता, नुसता बोलला नव्हता. बायकोला उपदेशातलं कळत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
करंजी घाट विनाअडचण पार. तिसगावात चहा. पुढे वस्तीच्या फाट्यावर मोटारसायकली, त्यांवर माणसं. एकाच्या हातात काठी. लांबूनच परिस्थितीचा आढावा घेतला. मी पुढे गेलो असतो तर प्रकरण चिघळलं असतं, त्रास बायकांनाच. म्हणून परत हॉटेलात बसून त्यांच्यासाठी कळकळीची प्रार्थना केली. मनातल्या मनात. आणखी एक चहा. मग नगरला परत.

संध्याकाळी रंगुबाईचा फोन. काठीनं दार बडवलं, पत्र्यावर दगड टाकले. बायका आतून कडी लावून गात राहिल्या. तुमी कुठं हुता, तिनं विचारलं. जवळच होतो म्हणालो. हे खरंच आहे.

१३ नोव्हेंबर
ठरलं. येत्या रविवारी काहीही होवो, वस्तीवर जाणार.

१६ नोव्हेंबर, रविवार
देवळाली प्रवराच्या मंडळीची बरेच दिवस हाक होती. गेलो. दानिएल तिथेच सांगितला. लोक हेलावले. नंतर कोंबडी. रंगुबाईचे फोन येत होते, पण उपदेश चालू असताना उचलणं बरं नाही. जेवतानाही नाही.

१९ नोव्हेंबर
आज फोन घ्यावाच लागला. रविवारी ढकलाढकलीत मंडळीतली भिमाबाई पडली, मनगट मोडलं. रंगुबाई तडक गावात आबासाहेबांच्या ओट्यावर जाऊन बसली. गाव त्यांचं ऐकतं. म्हणाली, माझ्या घरात काय चालतं ते येऊन बघा, मग बंद करा म्हणा. ते येतो म्हणाले.

मला विचारायला हवं होतं. अशी बोलणी अनुभवी माणसानं करायची असतात. आता रविवारी सूत्रं मलाच हातात घ्यावी लागणार. दोन घास जेमतेम गेले. मनगट डोळ्यांसमोरून हलत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
गेलो. फाटा मोकळा. तरी बायबल जॅकेटच्या आत ठेवलं. थंडी होती.

रंगुबाईच्या दारात तोच काठीवाला. त्यानं विचारलं, कोण, कुणाकडं? तोंडातून निघून गेलं, विमा एजंट.

तो म्हणाला, "आत प्रार्थना चाललीय. आबासाहेब बसल्यात, मला हितं राखणीला ठिवलंय. या, आत बसा." दंडाला धरून त्यानं मला आत नेलं. "मावशे, विम्याचा मानूस आलाय."

रंगुबाई बोलायची थांबली. प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन भिमाबाई माझ्याकडे बघत राहिली. कुणी हसलं नाही.

"बसा," रंगुबाई म्हणाली. "लांबून आलात."

मागे पोत्यावर बसलो. शेवटी तिनं आबासाहेबांसाठी प्रार्थना केली, दारातल्या काठीवाल्यासाठी केली, आणि मग विमेवाल्या भावासाठी. त्याची भीती जावी म्हणून.

आमेन म्हणालो. हळूच.