दोन सीटची गाडी, ऑइल कूलरसकट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, कोणीही कान न भरता लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव मुलाला. गच्चीचे दार फुगते, ते आधी तासून घ्यावे.

२. शिलाई मशीन व कात्र्या सुनेला. तिने माझ्या कॉलरना नावे ठेवली होती. आता स्वतः शिवून बघावे.

३. लाल, उघड्या टपाची, पंचावन्न वर्षांची स्पोर्ट्स कार यजमानांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या वन्संना द्यावी. मुलाला ती विकायची आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून कारण लिहिते.

गाडी मूळ सासऱ्यांची. त्यांच्या गॅरेजात वन्संनी सोळाव्या वर्षापासून तिचे इंजिन सांभाळले. सासऱ्यांनी जाताना गाडी दिली यजमानांना, कारण ते मुलगा. वन्सं चकार शब्द बोलल्या नाहीत, पण बारा वर्षे आमचा उंबरा चढल्या नाहीत. मीही गप्प बसले. ते माझे चुकले.

यजमान गेल्यावर गाडी मी चालवू लागले. एका लांब चढावर तेलाच्या दाबाचा काटा खाली बसला. घाबरून वन्संना फोन केला. त्या आल्या, बॉनेट उघडले, तेल बोटांत चोळून पाहिले.

"तापून पाण्यासारखं पातळ झालंय, वहिनी. ऑइल कूलर बसवायला हवा. दादाला कधीच सांगितलं असतं, पण बोलणं कुठं होतं?"

कूलर रेडिएटरच्या पुढे बसवायचा, म्हणजे पत्र्याला भोके पाडणे आले. "मूळ गाडीला हात लावायचा नाही," असे यजमान म्हणत. ड्रिल मीच चालवले. पाइपचा नट आवळताना एका पान्याने कूलरची मान धरावी लागते, दुसऱ्याने नट फिरवावा लागतो; नाहीतर मान पिळवटून तुटते. मी धरली, त्यांनी फिरवला. पहिल्यांदा तेल गळून माझ्या चपला भिजल्या. दुसऱ्यांदा थेंब नाही.

त्याच चढावर पुन्हा गेलो. काटा जागचा हलला नाही. वन्सं डोळे पुसत म्हणाल्या, "डोळ्यात धूळ गेली."

मी तिथेच किल्ली पुढे केली.

"आत्ता नको. आधी तुम्ही गिअर नीट टाकायला शिका. पण कागदावर लिहून द्या हं, वहिनी. बाबांनी सगळं तोंडीच केलं."

म्हणून हा कागद. मुलाने वाद घालू नये. फेरी मारायची असेल तर आत्याला विचारावे.

वन्संना साक्षीदार म्हणून सही करायची होती. ज्याला मिळायचे त्याने साक्ष देऊ नये, असे वकील म्हणाले. म्हणून त्या खाली गाडीत जाऊन बसल्या आहेत आणि हॉर्नवर हॉर्न वाजवत आहेत. सही करते आणि निघते.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार:
१. समोरचे दातांचे डॉक्टर (सही)
२. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिका (सही)

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: १९ नोव्हेंबर २०१८, सकाळी दहा